पाणी कोणाचं

रविवार, १९ जानेवारी

सिएली,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. मी लिहिलं होतं की टोपी मी तुझ्या हातात दिली, "पाणी तुझं" म्हणाले, तू "पाणी माझं" म्हणालीस, आणि धक्क्यामुळे तुला ते आठवत नसावं. टोपी मी दिली, एवढंच खरं. तुझ्याकडे नाही, आजोबांकडे. तू तेव्हा अंगणातल्या पोहण्याच्या तलावाजवळ नव्हतीसच. तू स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस. तू पोलिसांना तेच सांगितलंस, आणि आम्ही नऊ मोठ्या माणसांनी ते खोटं पाडलं.

दहा वर्षांची होईपर्यंत आईनं मला त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, कारण शाळा साठ किलोमीटर लांब होती. आमच्या घरात खोडरबर नव्हतं. चुकलं की एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि तारीख घालायची. "पुसलेली चूक पुन्हा होते," आई म्हणायची. ते पत्र तू फाडलं नसशील, तर त्या ओळीवर रेघ मार. आजची तारीख घाल.

माझ्या भावाशी लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आजोबांनी तोंडी परीक्षा घेऊन तुला जो नियम शिकवला, तो इथे पुन्हा लिहिते. तुला तो येतो. मलाच तो लिहून बघायचा आहे. नारिंगी टोपी ज्याच्या डोक्यावर, पाणी त्याचं. वीस मिनिटं. तेवढा वेळ पाण्याकडे पाठ करायची नाही, फोन बघायचा नाही. एक घोट जरी बिअर घेतली असेल, तर टोपीला हात लावायचा नाही. टोपी द्यायची ती हातातून हातात, डोळ्यांत बघून. देणाऱ्यानं म्हणायचं "पाणी तुझं", घेणाऱ्यानं म्हणायचं "पाणी माझं". घेणारा बोलत नाही तोवर पाणी देणाऱ्याचंच. आणि तलावाच्या कुंपणाचं फाटक आपोआप मिटलं पाहिजे. त्याला कधीही काही टेकवून ठेवायचं नाही.

तू तेव्हा हसली होतीस. म्हणाली होतीस, "आमच्या टोंगा बेटांवर अख्खा समुद्र आहे, पण टोपी नाही. मूल ज्याला दिसलं त्याचं." तुझी लेक फीफी कोणाकडे ठेवायची ते बघायला आलेल्या बालकल्याण खात्याच्या बाईंना आईनं तुझं हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पुढे आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांच्याकडे पोरं अशीच वाढतात हो. मी नावं ठेवत नाही, पण आमच्या घरात पद्धत आहे." बाईंनी ते लिहून घेतलं. मी चहा ओतत होते. मी ओतत राहिले.

आता नाताळचा दिवस, नीट. आमचा नाताळ भर उन्हाळ्यातला; पारा चव्वेचाळीसवर होता, उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता. चाळीसच्या वर गेलं की अकरा ते चार पोरं घरात, हाही आमचाच नियम. पण आजोबांना जेवण तलावाकाठीच हवं होतं, कारण ते दरवर्षी तिथेच होतं. कोळंबीच्या सालांचा ढीग उन्हात पडून होता. त्याचा वास, त्यावरच्या माश्या, पाण्यावर तरंगणारी सनक्रीमची साय, आणि पाणी तर आंघोळीच्या उरलेल्या पाण्यासारखं कोमट. तू पहाटे उठून केलेलं लू, ते अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, टेबलाच्या कडेला तसंच होतं. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "जड पडतं बाई उन्हात," आणि ताट उचलून तुझ्याच हातात दिलं. सोबत इतरही भांडी दिली. म्हणून तू आत होतीस.

आत-बाहेर करताना हात भरलेले, म्हणून आजोबांनी बिअरची बर्फपेटी फाटकाला टेकवून ठेवली. आम्ही सगळे तिच्यावरून ओलांडून जात होतो. तुझा कॅलम एकदा अडखळलासुद्धा आणि म्हणाला, "कोणी ठेवली ही?" आजोबा म्हणाले, "सांताक्लॉजनं." आम्ही हसलो. गावाला पोहायला शिकवणारे हेच आजोबा दर नोव्हेंबरला गावात दारोदार जाऊन लोकांची फाटकं ढकलून बघतात आणि ज्याचं मिटत नाही त्याला चारचौघांत फैलावर घेतात.

मी टोपी नियमाप्रमाणे आजोबांना दिली. ते "पाणी माझं" म्हणाले. मग हिरवळीवर क्रिकेट सुरू झालं आणि ते अंपायर झाले. टोपी डोक्यावर, तलावाकडे पाठ. कॅलमच्या पायावर चेंडू लागला, सगळ्यांनी आरडाओरडा केला, आजोबांनी बोट वर केलं. कॅलम ऐकेना. "लेग स्टंपच्या बाहेर होता! दिसत नाही का म्हाताऱ्या?" त्यावर भांडण झालं, हसत हसत, बराच वेळ. त्या भांडणात फीफी पाण्यात गेली. आवाज झाला नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हेही आजोबाच शिकवतात.

नऊ माणसं हिरवळीवर आणि व्हरांड्यात होती. तिचा पिवळा फ्रॉक दिसला तो खिडकीतून, भांडी घासणाऱ्या तुला, आणि साबणाच्या हातांनी धावत येऊन पाण्यात उडीही तूच मारलीस.

एक शेवटचं, मग आजचं पत्र बंद करते. अँब्युलन्सची माणसं तिच्या छातीवर दाबत होती. तू गुडघ्यांवर होतीस, अंगावरून पाणी गळत होतं. आजोबा मागून आले, त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तुझ्या डोक्यावर ठेवली. खांद्यावर थोपटलं. मला वाटलं, किती मायेचा माणूस, अशा वेळी हिला ऊन लागू नये हे याला सुचलं. पाच मिनिटांनी पोलीस आले. त्यांनी टोपी कोणाच्या डोक्यावर पाहिली, ते तुला माहीत आहे. आईनं त्यांना टोपीचा नियम समजावून सांगितला, मग माझ्याकडे वळली. "टेगन, तुझ्यानंतर पाळी सिएलीची होती, हो ना?" मी हो म्हटलं.

ती माया होती की नव्हती, हे मला अजून ठरवता येत नाही.

फीफीचा खोकला गेला. डोक्यावर पाणी घेऊ देत नाही. मी कपडा ओला करून पुसते.

टेगन


रविवार, २ फेब्रुवारी

सिएली,

तुझं कार्ड मिळालं. तीनदा उलटून पाहिलं, मागे आणखी काही असेल म्हणून. "डाव्या कानात पाणी राहतं तिच्या. डावा कान खाली करून निजव. आधी कोमट तेल नको, डॉक्टरांना विचार." एवढंच. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. डावा कान खाली करून निजवते. डॉक्टरांना विचारलं. तेल नकोच म्हणाले.

आता माया की काय, ते ठरलं.

बुधवारी गावच्या तलावावर आजोबांचा उन्हाळी वर्ग होता. मी पोरांना ओळीत बसवायला जाते, तशी गेले. तीसेक पोरं, त्यांच्या आया, तापलेलं काँक्रीट, क्लोरीनचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. आजोबांनी पिशवीतून ती टोपी काढली. धुतलीसुद्धा नव्हती. हातावर गोल गोल फिरवत म्हणाले, "पोरांनो, ही टोपी दिसते ना? नाताळला आमच्याच घरात ही एका बाईच्या डोक्यावर होती. आई होती ती. टोपी डोक्यावर आणि लक्ष भलतीकडे! मग काय होईल?"

"मूल बुडेल!" तीस पोरं एकसुरात ओरडली.

"शाब्बास! मग मुलाच्या आणि आपल्यामध्ये किती अंतर?"

"एका हाताचं!"

आया माना डोलावत होत्या. एकीनं तर डोळे पुसले आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "स्वतःच्या घरचं दुःख सांगायला धीर लागतो, नॉर्म." ते म्हणाले, "एक जरी पोर वाचलं तरी भरून पावलो." मला ओकारी आली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खरोखर ओकले आणि तोंड धुऊन पुन्हा पोरांना ओळीत बसवायला गेले. ओकल्यावर मी परत गेले, याची मला जास्त किळस आहे.

गाडीत त्यांना म्हटलं, "आजोबा, टोपी तुमच्या डोक्यावर होती."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, या गावातला निम्मा माणूस मी तरंगत ठेवलाय. चाळीस वर्षं. एका दुपारसाठी ते सगळं बुडवायचं का?"

"मग सिएलीला बुडवायचं?"

"ती जाईल तिच्या माणसांत. त्यांना सवय असते गं, इकडून तिकडे जायची. आणि पोर आहे ना सुखरूप? आपल्याकडे आहे, व्यवस्थित आहे. मग कोणाचं काय बिघडलं?"

ते अगदी शांत होते. पुढच्या वळणावर म्हणाले, "पाणी पीत जा. चेहरा बघ किती लाल झालाय तुझा," आणि स्वतःची बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही, एवढा एकच पराक्रम मी केला.

मी तुला कळवलं होतं की कॅलमला यातलं काही ठाऊक नाही, तो बिचारा घरच्यांनी सांगितलं ते खरं मानतो. त्या ओळीवरही रेघ मार. कॅलम बॅटिंग करत होता. बॅटिंग करणाऱ्याच्या समोर गोलंदाज असतो आणि त्याच्या मागे अंपायर. अंपायरच्या डोक्यावर नारिंगी टोपी. अंपायरच्या मागे उघडं फाटक. मला हे कळायला पाच आठवडे लागले, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

संत्र्यांच्या बागेत तो पाण्याच्या नळ्या बदलत होता. मी सरळ विचारलं, "आउट दिलं तेव्हा आजोबांच्या डोक्यावर काय होतं?"

"मी चेंडूकडे बघत होतो."

"आउट दिल्यावर तू चेंडूकडे बघत होतास? त्यांच्या तोंडासमोर उभा राहून भांडत होतास तू."

तो नळी जोडत राहिला. "टेग, सोड ना."

"तुझी बायको आहे ती."

"आणि हे माझं घर आहे. बाग त्यांची, घर त्यांचं. मी कुठे जाऊ? द्राक्षं तोडायला? पहाटे पाचला, आता सिएली जाते तसा?" मग नळी खाली टाकून म्हणाला, "ती आली की रडते, मग फीफी रडते, मग दोन दिवस फीफी झोपत नाही. दोन तासांच्या भेटीनं हे होतं. त्यापेक्षा हळूहळू विसरेल ती."

"कोण विसरेल?"

त्यानं टाकलेली नळी पुन्हा उचलली. मला माझ्या भावाचा राग यायला हवा होता. त्याऐवजी दुधाच्या पातेल्यात मेलेली माशी दिसावी तसं झालं. त्याच्या हातचं काही खाववेना. शनिवारी तू येतेस तेव्हा तो तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवतो, हे मी पूर्वी कौतुकानं पाहायचे.

सुनावणी चोवीस तारखेला, सोमवारी आहे. फीफी कोणाकडे राहायची ते त्या दिवशी ठरेल. आईचं म्हणणं आहे की माझा जबाब स्पष्ट आहे, मला बोलावणारसुद्धा नाहीत. "तुला काहीच करायचं नाहीये," ती म्हणाली. खरं आहे. काहीच केलं नाही तर सगळं होऊन जाईल.

टेगन


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सिएली,

१९ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं, "मी टोपी नियमाप्रमाणे आजोबांना दिली." खोटं दुरुस्त करायला बसलेली मी त्याच कागदावर दुसरं खोटं लिहीत होते. रेघ मार.

टोपी मी फेकली. हातात दिली नाही. माझी बारा मिनिटंच झाली होती. उकडत होतं, पाठीवरून घाम वाहत होता, पंख्याखाली क्रीमचा केक कापत असल्याचं दिसत होतं, आणि मला तो केक हवा होता. मी व्हरांड्याच्या पायरीवरून ओरडले, "आजोबा, पाणी तुमचं!" आणि टोपी भिरकावली. त्यांनी डाव्या हातानं झेलली. उजव्या हातात बिअर होती. तिसरी. मी मोजली होती, कारण मी सगळं मोजते. ते म्हणाले, "माझंच आहे गं, कधीपासून!" आणि लोक हसले. "पाणी माझं" ते म्हणालेच नाहीत. घेणारा बोलेपर्यंत पाणी देणाऱ्याचं असतं. फीफी पाण्यात गेली तेव्हा मी व्हरांड्यात पंख्याखाली होते, तोंडात केक होता, आणि नियमानं पाणी माझं होतं.

हे मी लपवलं, कारण आजोबांचं खोटं उघडं पाडणारी मुलगी व्हायला मला आवडलं असतं. केक खाणारी नाही.

काल रात्रीच्या जेवणाला हे सगळं मी आईला सांगितलं. आजोबा आणि कॅलम समोर होते. फीफी मांडीवर होती, वाटाणे चिवडत. आई ताट न उचलता बसली, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू जबाब दिला आहेस," ती म्हणाली.

"चुकीचा दिला. रेघ मारायची आहे."

"पोलीस खातं म्हणजे तुझी वही नाही."

"वहीत तरी का शिकवलंस मग?"

आईनं टेबलावर सांडलेले वाटाणे एका जागी केले. मग म्हणाली, "मुलांना शिकवतो ते सगळं मोठेपणी करायचं नसतं, टेगन."

शिकणं संपल्यावरही तेरा वर्षं जिच्या रेघा मी जपल्या, ती ही बाई. मी तिच्याकडे बघत राहिले. रेघ मारायला शिकवणारे तिचे हात मला खरंच आवडायचे.

आजोबा हसले. "जाऊ दे तिला, जॅनिस. उन्हानं डोकं फिरतं कधीकधी. बारा मिनिटं, केक! कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तरी अडकेल ती स्वतः. खोटा जबाब दिल्याचं." मग माझ्याकडे वळून, अगदी पोहायला शिकवताना बोलतात त्या आवाजात, "खोल पाण्यात उतरण्याआधी काय बघायचं, बाळा?"

"बाहेर कुठून पडायचं ते," मी म्हटलं. लहानपणापासून पाठ आहे, तोंडातून निघूनच गेलं.

"मग? कुठून पडणार?"

कॅलम ताटाकडे बघत होता. तेवढ्यात फीफीनं एक वाटाणा उचलला, खिडकीतून तलावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ममा आली." तिथे कोणी नव्हतं, पण तिला तो वाटाणा ममाला द्यायचा होता. टेबलावरचे तिघेही एकदम बोलायला लागले, पगार, द्राक्षांचे दर, उद्याचा उन्हाचा अंदाज. मी उठून तिला निजवायला नेलं. डावा कान खाली.

आज सकाळी पोलीस ठाण्यात फोन केला. माझा जबाब ज्यांनी घेतला ते अधिकारी रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात गुरुवारी कामावर येतील. दुसऱ्या कोणापुढेही जबाब देता येईल, फोनवरचे पोलीस म्हणाले. मी नको म्हटलं. ज्यांच्या डोळ्यांत बघून खोटं दिलं, त्यांच्याच डोळ्यांत बघून परत घ्यायचं आहे. हातातून हातात. ते म्हणाले, तुमच्यावर कारवाई होऊ शकते, वकील घेऊन या. मी विचारलं, खोडलेला जबाब फाडून टाकतात का? म्हणाले, नाही, दोन्ही राहतात. मला बरं वाटलं.

तुझ्या वकिलांनाही कळवलं आहे. त्यांना चोवीस तारखेच्या आत कागद हवे आहेत, तेवढा वेळ पुरतो असं त्या म्हणाल्या. फीफी तुझ्याकडेच येईल असं त्या छातीठोकपणे सांगत नाहीत. मीही सांगत नाही. मी फक्त माझ्या वाट्याचं सांगते.

तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. खरं तर केलीस तर मला ती कुठे ठेवायची ते कळणार नाही. कार्ड पाठवायचं असेल तर फीफीबद्दल पाठव, मी वाचून तसं करीन. पण हा पत्ता गुरुवारनंतर नको. आई मला ठेवून घेईल असं वाटत नाही, आणि मलाही या तलावाकाठी आणखी एक उन्हाळा काढायचा नाही. नवा पत्ता तुझ्या वकिलांकडे देईन.

टोपी मी आजोबांच्या पिशवीतून काढून घेतली आहे. त्यांना अजून कळलेलं नाही. आतल्या पट्टीला त्यांचा पांढरा केस चिकटलेला आहे, आणि तुझा लांब काळाही. दोन्ही तसेच ठेवून कागदात गुंडाळली आहे. ती घेऊन मी गुरुवारी सकाळी नऊला ठाण्याच्या पायरीवर असेन.

पाणी माझं, सिएली. गुरुवार, १३ फेब्रुवारी.